कसं जमवते ती?

रसग्रहण करायचं आहे ते एका प्रश्नाचं. १९५३ साली पीटर मेडावर या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचं नाव लांबलचक आहे. पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये पिल्लाला पोटात वाढवून जन्म देण्याची रीत उत्क्रांत झाली, त्यातून प्रतिकारशास्त्राचे आणि संप्रेरकशास्त्राचे जे काही प्रश्न उभे राहतात त्यांच्याविषयी, असं ते नाव. पानं जेमतेम एकोणीस. त्यात एका ठिकाणी मेडावर विचारतात ते साधारण असं: गर्भ आईच्या प्रतिकारयंत्रणेच्या लेखी परका, आणि तरीही गरोदर आई त्याला आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने पोटात पोसते, हे ती कसं काय जमवते?

‘जमवते’ हा शब्द माझा आहे. पण मेडावरांनी वापरलेलं इंग्रजी क्रियापद मराठीत आणायचं तर ‘करते’ पुरत नाही, ‘पोसते’ पुरत नाही. त्यांच्या क्रियापदात युक्ती आहे, खटपट आहे, अडचणीतून वाट काढणं आहे. आपण लग्न जमवतो, पैसे जमवतो, चार माणसांचं एकमेकांशी जमवून देतो. दोन खोल्यांत पंधरा पाहुण्यांची सोय केलेल्या बाईला शेजारीण विचारते, ‘कसं गं जमवलंस?’ मेडावरांच्या वाक्याचा सूर मला तसा ऐकू येतो. मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि धाकट्याच्या वेळचा पाचवा महिना चालू होता. त्या क्रियापदापाशी थांबले ती बराच वेळ पुढे सरकले नाही.

असा प्रश्न पडायला माणूस कातडीच्या कामातला असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांना दुसऱ्या माणसाची त्वचा का लागत नाही, हे शोधायचं काम मेडावरांकडे आलं. ग्लासगोमध्ये टॉमस गिब्सन या शल्यविशारदाबरोबर त्यांनी एका भाजलेल्या बाईच्या जखमांवर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे छोटे तुकडे लावले. काही दिवस ते धरले, मग निकामी होऊन गळले. पुन्हा लावले तर आधीपेक्षा लवकर गळले. शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती. १९४३ साली हा वृत्तान्त छापून आला. परकी त्वचा नाकारणं हे प्रतिकारयंत्रणेचं काम आहे, हे तिथून स्पष्ट होत गेलं, आणि त्याच वाटेवर पुढे १९६० साली मेडावरांना बर्नेट यांच्याबरोबर नोबेल मिळालं. सख्ख्या भावाच्या कातडीचा तुकडा परत पाठवणारं शरीर नवऱ्याचा निम्मा वारसा घेऊन आलेलं, तीन किलोचं होऊ घातलेलं बाळ नऊ महिने वागवतं. मेडावरांच्या प्रश्नामागे ते गळून पडलेले तुकडे आहेत. म्हणून तो कोरडा वाटत नाही.

प्रश्नाच्या पाठोपाठ ते तीन शक्यता मांडतात. पहिली अशी की आई आणि गर्भ यांच्यामध्ये शरीररचनेचीच आडभिंत आहे, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. दुसरी, गर्भ अजून कच्चा आहे आणि परकेपणाच्या खुणा त्याच्या अंगावर उमटलेल्या नाहीत. तिसरी, गरोदरपणात आईची प्रतिकारयंत्रणा सुस्तावते.

आता या तीन उत्तरांचं व्याकरण पाहा. प्रश्नात आई कर्ता होती आणि तिच्या हाती एक जिवंत क्रियापद होतं. पहिल्या उत्तरात भिंत आली, दुसऱ्यात गर्भाचं कच्चेपण आणि तिसऱ्यात आईची सुस्ती. तिन्ही नामं, आणि तिन्ही अभावाची. भेट नाही, खूण नाही, हालचाल नाही. प्रश्नाने आईला दिलेलं क्रियापद उत्तरांनी काढून घेतलं. हा लेख मला मोठा वाटतो तो या फटीसाठी. लेखकाची जाण त्याच्या माहितीच्या पुढे धावली की असं होतं. प्रश्न विचारणाऱ्या मेडावरांना ठाऊक होतं की इथे कुणीतरी काहीतरी करतं आहे. उत्तरं देणाऱ्या मेडावरांकडे त्या करण्याचे शब्द नव्हते.

आणि ते खरोखरच नव्हते. इंटरफेरॉन हे पेशींचं विषाणूविरोधी रसायन सापडलं १९५७ साली. लंडनमधल्या मिल हिलच्या ज्या संस्थेत आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते शोधलं, तिथेच मेडावर १९६२ साली संचालक म्हणून गेले. पेशींवरची एचएलए ही ओळखखूण १९५८ पासून उलगडू लागली. थायमस ग्रंथी प्रतिकारासाठी कशाला लागते हे जॅक मिलर यांनी दाखवलं १९६१ साली. ‘सायटोकाइन’ हा शब्द १९७४चा, ‘इंटरल्यूकिन’ १९७९चा. पेशी एकमेकींना रेणूंमधून निरोप पाठवतात: इकडे या, तिकडे जाऊ नका, थांबा, वाढा, गप्प राहा. या निरोपांना १९५३ साली नावं नव्हती. निरोपाला नाव नसेल तर ऐकणाऱ्याला शांतताच ऐकू येणार.

तर ते निरोप जिथे चालतात त्या जागेकडे वळू. मराठीत तिला वार म्हणतात. पुस्तकी भाषेत अपरा, दवाखान्यात प्लासेंटा, पण सुईण असो की प्रसूतिगृहातली मावशी, ती विचारते, ‘वार पडली का?’ ती पडेपर्यंत बाळंतीण सुटली असं कुणी धरत नाही. धाकट्याच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की मला वार बघायची आहे. त्यांनी ती स्टीलच्या ट्रेमध्ये आणली, हातमोजे घातलेल्या तळहातांवर पसरली आणि एकेक खंड बोटांनी जुळवून पाहिला, कारण एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही. वीस-बावीस सेंटिमीटरची जाडसर भाकरी म्हणावी असा आकार, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, खंडाखंडांची. बाळाकडची बाजू निळसर, चकचकीत, आणि मध्यावरच्या नाळेपासून कडेपर्यंत पसरलेल्या रक्तवाहिन्या, उघड्या पडलेल्या मुळ्यांसारख्या. मी शिकवत होते तरी एक गोष्ट त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळली. हा अवयव माझ्या पोटात वाढला, माझ्या रक्तावर जगला, पण तो जवळजवळ सगळा बाळाचा होता. म्हणजे निम्मा त्याच्या वडिलांचा. परकेपणाचा प्रश्न बाळापाशी येण्याआधी वारेपाशी येतो.

मेडावरांची भिंत ती हीच. माणसाच्या वारेत बाळाकडून निघालेले केसाळ अंकुर आईच्या रक्तात थेट बुडालेले असतात. दोन्ही रक्तं मिसळत नाहीत, पण आईचं रक्त आणि बाळाच्या पेशी यांच्यामध्ये आईची स्वतःची एकही पेशी उभी नसते. ज्याला भिंत म्हणायचं तो अंकुरांवरचा बाळाचाच एक थर आहे. त्याची घडण विलक्षण आहे. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून त्यांचा एकच अखंड पदर झालेला, आत अब्जावधी केंद्रकं, पण पेशी-पेशींमधल्या सीमा पुसलेल्या. दिवस भरताना या पदराचं क्षेत्रफळ बारा चौरस मीटरच्या आसपास जातं, एका बऱ्यापैकी खोलीच्या फरशीएवढं. पेशींना असं एकजीव करणारं प्रथिन, सिन्सिटिन, आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात कोट्यवधी वर्षांपूर्वी घुसलेल्या एका विषाणूच्या जनुकातून आलं आहे, हे २००० साली प्रसिद्ध झालं. विषाणूने यजमानाच्या पेशीला चिकटून आत शिरण्यासाठी बाळगलेलं हत्यार वारेने पेशी सांधण्याच्या कामी लावलं. जमवणं म्हणतात ते हे.

या पदराला सांधे नाहीत म्हणून आईच्या लढाऊ पेशींना आत घुसायला फट मिळत नाही. इथपर्यंत मेडावरांचं बरोबर होतं. पण ही भिंत बोलते. २०१६ साली, झिका विषाणूच्या साथीने ब्राझीलमधल्या गरोदर बाया हादरलेल्या असताना, कॅरोलिन कॉइन आणि योएल सॅडोव्हस्की यांच्या गटाने दाखवलं की दिवस भरलेल्या वारेतल्या या पेशी इंटरफेरॉन-लॅम्डा नावाचं विषाणूविरोधी रसायन सतत सोडत असतात. एरवी पेशीला विषाणू लागला की मग ती इंटरफेरॉन सोडते. घर पेटल्यावर आरडाओरडा व्हावा तसं. इथे काहीच पेटलेलं नसताना पहारेकऱ्याची हाळी चालू आहे. तिच्यामुळे आजूबाजूच्या पेशीही झिकाला दाद देईनाशा होतात. पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत झिका गर्भापर्यंत पोचला तर काय होतं, हे त्या वर्षी जगाने लहान डोक्यांच्या बाळांमध्ये पाहिलं. हाळी अपुरी पडते तेव्हा पडतेच.

ही भिंत निवडून आत घेते, हे तर आपल्या गावागावांतल्या गरोदर बाईच्या दंडावर लिहिलेलं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन आईला टोचतात, वाचतं बाळ. आईच्या रक्तातली आयजीजी जातीची प्रतिद्रव्यं वारेचा पदर आत ओढून घेतो, तिथे एक ग्राहक-प्रथिन त्यांना पकडतं आणि पलीकडे बाळाच्या रक्ताकडे सोडतं. आयजीएम जातीच्या प्रतिद्रव्यांना तिथे प्रवेश नाही. ही ने-आण शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जोरात चालते, आणि दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आयजीजीचं प्रमाण आईच्या बरोबरीचं किंवा तिच्याहूनही थोडं जास्त असतं. नाळ कापताना अस्वच्छ पात्यातून धनुर्वात होऊन आठवड्या-दोन आठवड्यांत गेलेली बाळं आपल्या आधीच्या पिढ्यांनी खूप पाहिली. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं. स्वच्छ बाळंतपणाचा वाटा त्यात मोठा आहेच, पण अर्धी लढाई या पदराने, आईचं शस्त्र बाळाच्या हाती देऊन, लढलेली आहे.

दुसरं उत्तर कच्चेपणाचं. गर्भाच्या खुणा उमटलेल्याच नसतील, असं मेडावरांना वाटलं. प्रत्यक्षात वार आपल्या खुणा निवडते, आणि ही निवड एखाद्या जाणत्या कवीच्या शब्दनिवडीसारखी वाचावी अशी आहे. आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए-ए आणि एचएलए-बी या खुणा असतात. माणसागणिक त्या इतक्या वेगळ्या असतात की मूत्रपिंड बदलताना बराचसा घोळ त्यांच्यावरून होतो. अंकुरांवरच्या अखंड पदराने एचएलएच्या खुणा पार उतरवून ठेवल्या आहेत. पण वारेच्या काही पेशी अंकुर सोडून आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात खोलवर शिरतात. त्यांच्या अंगावर ए नाही, बी नाही. सी आहे, ई आहे, आणि एक जी आहे. एचएलए-जी या पेशींवर असल्याचं १९९०च्या सुमारास कळलं. शरीरात इतरत्र ती फार थोड्या ठिकाणी सापडते आणि माणसामाणसांत ती जवळपास सारखीच असते. माझ्या बाळाची, तुमच्या बाळाची, ब्राझीलमधल्या बाळाची, जवळपास एकच. व्यक्तीची ओळख सांगणाऱ्या खुणा उतरवून वारेने अंगावर चढवलेली ही खूण एवढंच सांगते: मी वार आहे.

पण मग एचएलए-सी कशाला ठेवली? ती तर माणसागणिक बदलते आणि तिच्यात बापाचा वाटा स्वच्छ दिसतो. लपायचंच होतं तर तीही उतरवायची. इथेच मला या सगळ्या रचनेचं मर्म दिसतं. वारेला लपायचं नाहीच. तिला ओळखून घ्यायचं आहे, फक्त कुणाकडून ते तिने ठरवलेलं आहे.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होते, आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पेशी नॅचरल किलर म्हणजे उपजत मारेकरी जातीच्या असतात. हे नाव त्यांच्या रक्तातल्या बहिणींवरून पडलं, ज्या विषाणूबाधित पेशींना खरंच मारतात. गर्भाशयातल्या या पेशी मारण्यात मंद आहेत. त्या रसायनं सोडतात: इंटरफेरॉन-गॅमा, रक्तवाहिन्या वाढवणारे घटक, शिरणाऱ्या पेशींना बोलावणारे रेणू. त्यांच्या पृष्ठभागावर केआयआर नावाचे ग्राहक असतात आणि ते नेमकी एचएलए-सी वाचतात. काही ग्राहक वाचून पेशीला आवरतात, काही तिला चेतवतात. कुठल्या बाईकडे कुठले ग्राहक, हे ती जन्मताना घेऊन येते.

मारेकऱ्यांना आवरणारी जोडी जमली तर गर्भाचं भलं, असंच कुणालाही वाटेल. केंब्रिजच्या ॲशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली नेमकं उलटं दाखवलं. आईकडे मुख्यतः आवरणाऱ्या ग्राहकांचाच संच आहे आणि बाळाची एचएलए-सी सी-टू प्रकारची, म्हणजे जोरात आवरणारी आहे, अशा जोड्यांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढलेला होता. रक्तदाब चढतो, लघवीत प्रथिनं उतरतात, पुढे झटके येऊन माय-लेकरू दोघांच्या जिवावर बेततं, तो हा आजार. मारेकरी जास्त शांत आणि तरी गर्भाचे हाल, हे कसं? गर्भाशयाच्या अस्तरात नागमोडी धमन्या असतात, अरुंद आणि स्नायूंनी आवळलेल्या. वारेच्या पेशींनी आत शिरून, आणि मारेकरी पेशींच्या रसायनांच्या मदतीने, त्या धमन्यांच्या भिंती सैल करायच्या असतात. मग डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पाटाने शेतात यावं तसं रक्त संथ आणि भरपूर वारेपर्यंत येतं. आईच्या पेशींना जरुरीपेक्षा जास्त आवरलं तर त्यांचे निरोप कमी पडतात, धमन्या अरुंद राहतात, वार अर्धपोटी राहते, आणि त्रासलेली वार आईच्या रक्तात जे सोडते त्याने आईच्या रक्तवाहिन्या बिथरतात.

याचा अर्थ मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. बाळाच्या अंगावरची बापाची खूण आईच्या पेशी वाचतात, आणि वाचून काहीशा चेतल्या तर वारेला रक्त पुरेसं मिळतं. परकेपणा झाकून हे भागत नाही. तो वाचला जावा लागतो, आणि वाचणारीला उत्तर द्यायची मोकळीक असावी लागते. मेडावरांच्या तिन्ही उत्तरांना याहून मोठा छेद दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही.

तिसऱ्या उत्तरावर, आईच्या सुस्तीवर, एका दमात काट मारता येत नाही. काहीतरी निवतं हे खरं आहे. फिलिप हेंच यांनी १९३८ साली नोंदवलं होतं की रुमॅटॉइड संधिवाताने आखडलेल्या बाया गरोदर राहिल्या की त्यांचे सांधे मोकळे होतात, आणि बाळंतपणानंतर दुखणं परततं. पण गरोदर बाईला लस टोचली तर तिचं शरीर प्रतिद्रव्यं बनवतंच. सगळं शरीर सुस्तावलेलं नाही. निवणं आहे ते जागा बघून.

त्याचे धागे हळूहळू हाती आले, पुष्कळसे आधी उंदरांमध्ये. १९९८ साली मन आणि मेलर या जोडीने दाखवलं की वारेजवळ आयडीओ नावाचं एक विकर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून टाकतं. ट्रिप्टोफॅनवाचून टी पेशींची, म्हणजे परक्यावर चाल करून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची, वाढ खुंटते. उंदरिणींना हे विकर बंद करणारं औषध दिलं तर परक्या बापाची पिल्लं गळून पडली, आईच्याच वंशाच्या बापाची मात्र टिकली. पुढे नियामक टी पेशी, इंटरल्यूकिन-१०, टीजीएफ-बीटा असे समजूत घालणारे आणखी आवाज पुढे आले. त्यांची यादी इथे देत नाही, कारण मला थांबायचं आहे ते २०१२ सालच्या एका शोधापाशी.

शरीरात कुठेही दाह झाला की तिथल्या पेशी केमोकाइन सोडतात. ही टी पेशींना बोलावणारी हाक असते. एड्रियन एर्लेबाखर यांच्या गटाला गाभण उंदरिणींच्या गर्भाशयात दिसलं की वारेला लागून असलेल्या आईच्या अस्तरपेशींनी सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० या हाका देणारी जनुकंच मिटून टाकली आहेत. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खूण करून तिथलं पान उघडणारच नाही अशी व्यवस्था. चिथावणी दिली तरी त्या पेशी हाक मारत नाहीत, आणि टी पेशी दाराशी जमतच नाहीत. मेडावरांना अपेक्षित होती ती शांतता इथे आहे. पण ती सुस्तीतून आलेली नाही. मूल झोपलेलं असताना घरातल्या माणसांनी भांड्यांचा आवाज होऊ न देणं असतं, तशी ही पाळलेली शांतता आहे. पाळणं हेसुद्धा क्रियापदच.

१९९३ साली, मेडावरांच्या लेखाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, कॅनडातल्या टॉमस वेगमन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर असं सुचवलं की गरोदरपणात आईची यंत्रणा पेशींना मारायला निघणाऱ्या प्रतिसादाकडून प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या प्रतिसादाकडे झुकते. त्या लेखाच्या नावातही प्रश्नचिन्ह होतं आणि सायटोकाइनची देवघेव दुहेरी आहे असंही त्यात म्हटलेलं होतं. पुढच्या बऱ्याच वाचकांनी प्रश्नचिन्ह गाळलं आणि त्याचा नियम करून टाकला: दाह वाईट, शांतता चांगली. सुंदर प्रश्नांच्या नशिबी हे पुष्कळदा येतं.

नियम टिकला नाही, कारण नऊ महिने सारखे नसतातच. सुरुवात दाहाने होते. गर्भ अस्तरात रुजतो तेव्हा तिथे जखमेसारखी धावपळ असते, आणि ती लागते. १९९२ साली कॉलिन स्ट्यूअर्ट यांच्या गटाने एलआयएफ हा सायटोकाइन बनवू न शकणाऱ्या उंदरिणी तयार केल्या. त्यांच्या पोटात गर्भ बनत होते, पण रुजत नव्हते. तेच गर्भ उचलून एलआयएफ बनवणाऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवले तर रुजले, वाढले. गर्भात खोट नव्हती. ‘ये’ म्हणणारा एक निरोप आईकडून गेला नव्हता. इतक्या साध्या प्रयोगात इतकी करुण गोष्ट मी क्वचित वाचली आहे.

मधले महिने निवलेले. आणि शेवट पुन्हा दाहाचा. दिवस भरत आले की गर्भाशयात आणि गर्भाशयाच्या मुखाशी इंटरल्यूकिन-१-बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांची गर्दी होऊ लागते. इंटरल्यूकिन-८ पांढऱ्या पेशींना मुखाकडे बोलावतं, त्यांची विकरं तिथला घट्ट कोलॅजन सैल करायला हातभार लावतात, प्रोस्टाग्लॅंडिन वाढतात आणि कळा सुरू होतात. ज्या निरोपांना सहा-सात महिने दाबून ठेवलं, त्यांनाच आता मोकळं सोडायचं. गर्भजलात संसर्ग शिरला तर हाच शेवटचा अंक अवेळी सुरू होतो आणि बाळ सातव्या महिन्यात बाहेर येतं. निरोप तेच असतात, फक्त त्यांची वेळ चुकलेली असते.

माझ्या कळा पहाटे सुरू झाल्या. वार पडली, डॉक्टरीणबाईंनी ती खंडाखंडाने जुळवून पाहिली, पूर्ण आहे म्हणाल्या आणि ट्रे घेऊन गेल्या. तेव्हा वाटलं, आमच्या दोघांमधली ती बोलणारी जागा गेली. पण १९९६ साली बॉस्टनमध्ये डायना बिआंकी आणि सहकाऱ्यांनी मुलगे झालेल्या बायांच्या रक्तात वाय गुणसूत्र असलेल्या पेशी शोधल्या होत्या. मेडावरांची भिंत ओलांडून मुलाच्या पेशी आईत आल्या होत्या आणि राहिल्या होत्या. त्यांतल्या एका बाईचा शेवटचा मुलगा जन्मून सत्तावीस वर्षं झाली होती.

धाकटा आता सव्वीस वर्षांचा आहे.